सहा हातांची कादंबरी आणि अर्जातली एक ओळ

माझ्या भाच्याच्या कादंबरीवरून सध्या सांगलीत आमच्या ओळखीच्या चार घरांत वाद पेटलाय. भाच्याची म्हणायची ती सवयीनं. कादंबरी सहा जणांची आहे. दोघे मिरजेचे, एक विट्याचा, एक मुलगी जतकडची, उरलेले विश्रामबागेतले. रविवार-रविवार जमून त्यांनी ती लिहिली, एका स्पर्धेला पाठवली आणि ती न वाचताच परत आली. प्रवेशअर्जात 'लेखकाचे नाव' यापुढं एकच ओळ होती आणि यांनी तिथं सहा नावं कोंबली होती. एक नाव ठेवा, बाकीच्यांचे प्रस्तावनेत आभार माना, असं आयोजकांनी कळवलं.

त्यावरून दोन पक्ष पडले. एका निवृत्त मराठीच्या सरांचं म्हणणं, कादंबरी म्हणजे एका माणसानं जगाकडं बघणं. सहा जणांनी बघितलं की समितीचा अहवाल होतो. पोरांचं म्हणणं, सर, बाहेर जगात असं सर्रास लिहितात. आणि जगाचा दाखला म्हणून त्यांनी मला ओढलं. "मामा, तुम्ही तर इटलीत, बोलोन्यात राहता. टोळीनं कादंबऱ्या लिहिणारे तिथलेच ना? सरांना जरा फोन करून सांगा की!"

तिथलेच, हे खरं. 1999 साली बोलोन्याच्या चौघांनी 'क्यू' नावाची जाडजूड ऐतिहासिक कादंबरी 'लूथर ब्लिसेट' या एकाच टोपणनावानं काढली. सोळाव्या शतकातली धर्मसुधारणा, शेतकऱ्यांची बंडं, हेरगिरी, असा ऐवज. पुस्तक खूप खपलं, अनेक भाषांत गेलं. पुढं 2000 मध्ये त्यांनी आणखी एकाला घेतलं आणि 'वू मिंग' हे नाव धारण केलं. हे लोक फोटो काढून घेत नाहीत, टीव्हीवर जात नाहीत. वाचकांपुढं मात्र प्रत्यक्ष येतात आणि तासन्‌तास बोलतात. पाचाचे आता तीन उरलेत, पण पुस्तकं येत राहिली.

तरीही सरांना फोन करून "बघा, इटलीत चालतं" असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. इटलीत चालतं म्हणून सांगलीत चालावं, हे काही कारण झालं नाही. शिवाय सांगलीला या बाबतीत इटलीकडं बघायची गरजच काय?

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. त्यावरून आपण दरवर्षी 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन करतो, भावे नाट्यमंदिरात गौरवपदक देतो, भाषणं होतात. पण तो खेळ लिहिला कसा गेला होता? भाव्यांनी पदं रचली होती, ती सूत्रधार म्हणायचा. पात्रांची भाषणं लिहिलेली नव्हतीच. पद संपलं की त्या प्रसंगाला धरून राम, रावण, विदूषक आपापलं बोलणं तिथल्या तिथं रचायचे. म्हणजे गोष्टीचा सांगाडा एकाचा आणि बोलणारी तोंडं सगळ्यांची. तमाशातली बतावणीही याच रीतीनं रंगत आली. जात्यावरच्या ओव्यांचं तर विचारूच नका: एक लाखाहून जास्त ओव्या संग्रहित झाल्यात आणि त्यातली एकेक ओवी कितीजणींच्या तोंडून घडत आली ते कुणालाच सांगता यायचं नाही. सरांना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. 'एकाच माणसाचं बघणं' ही कल्पना आपल्याकडं छापखान्याबरोबर आली आणि चांगली रुजली, एवढंच. ती वाईट नाही. पण तिला सनातन धर्म करायचं कारण नाही.

मात्र भाव्यांच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती पोरांनी ऐकावी. छापून राहिली ती पदं. आयत्या वेळी बोलणाऱ्यांची भाषणं हवेत गेली. नाव राहिलं भाव्यांचं, आणि ते योग्यच आहे. पण ज्यानं रावणाचं बोलणं रचलं त्याचं नाव आज आपल्यातल्या कितीजणांना सांगता येईल? मिळून केलेल्या कामात कोण विसरलं जातं हे आधी ठरवलं नाही, तर ते आपोआप ठरतं. आणि ते कधी सूत्रधाराच्या विरुद्ध ठरत नाही.

मी सांगलीच्या वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल करून इकडं आलो आणि गोळ्या-औषधं पाकिटांत भरणारी यंत्रं बनवण्याच्या धंद्यात पडलो. आमच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते: काढलं कुणी, तपासलं कुणी, मंजूर कुणी केलं. तीन वेगळे रकाने, तीन सह्या. यंत्र अडकलं तर कुणाला उठवायचं ते कळतं आणि चाललं तर श्रेय कुणाचं तेही. इथल्या सामूहिक लेखनाबद्दल वाचताना मला सगळ्यात पटलं ते हेच, की ही मंडळी प्रतिभेच्या आधी रकान्यांचं बोलतात.

फ्लॉरेन्सकडच्या दोघा लेखकांनी 2007 च्या सुमाराला एक पद्धत बसवली. एखादं पात्र घडवायचं तर सगळ्यांनी त्याच पात्राचं टिपण स्वतंत्रपणे लिहायचं. ठिकाणाचं तसंच, प्रसंगाचंही तसंच. मग एकजण ती सारी टिपणं घेऊन बसतो, चांगलं ते उचलतो, जोडतो आणि त्याचं एक पक्कं टिपण करतो. त्यानं स्वतः लिहायचं नाही, निवडायचं. या पद्धतीनं 115 जणांनी लिहिलेली 'इन तेरितोरियो नेमिको' ही कादंबरी 2013 साली प्रसिद्ध झाली. एकशे पंधरा! आपल्याकडं एवढ्या लोकांची एका जेवणाच्या वेळेवर सहमती होत नाही.

लंडनच्या डिटेक्शन क्लबची गंमत याहून जुनी. 1931 साली अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स यांच्यासह डझनभर सभासदांनी एक रहस्यकादंबरी प्रकरणागणिक वाटून लिहिली. अट अशी की आधीच्यानं टाकलेला एकही धागा सोडायचा नाही, आणि आपलं प्रकरण देताना त्या खुनाचं आपल्या मनातलं उत्तरही सोबत द्यायचं. पुढच्यांचं काम अवघड करून स्वतः मोकळं व्हायची सोयच ठेवली नाही. मराठी कथामालिका ज्यांनी चार जणांत वाटून लिहिल्यात, त्यांना या अटीची किंमत कळेल. आपल्याकडं तिसरा लेखक दुसऱ्याच्या नायकाला अपघातात मारतो आणि चौथा त्याला जुळा भाऊ काढतो.

नियम नसले की काय होतं, तेही इंग्लंडमध्येच दिसलं. 2007 साली पेंग्विन प्रकाशनानं लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठाबरोबर एक कादंबरी सगळ्या जगाला लिहायला खुली केली. कुणीही यावं, काहीही लिहावं, दुसऱ्याचं खोडावं. सुमारे दीड हजार लोक आले. एका बहाद्दरानं जिथं तिथं केळी घुसवायला सुरुवात केली. नायिका, खून, प्रेम, सगळीकडं केळी. प्रयोग म्हणून अभ्यासकांना भरपूर खाद्य मिळालं, कादंबरी काही हाती लागली नाही. सरांची 'समितीचा अहवाल' ही टीका इथं लागू पडते असंही नाही, कारण समितीला निदान अध्यक्ष तरी असतो.

आता जिथं मी पोरांशी सहमत नाही तिथं येतो. स्पर्धेचा राग म्हणून त्यांनी ठरवलंय की आता पुस्तकावर एकही नाव टाकायचं नाही, वू मिंगसारखं एक टोपणनाव घ्यायचं. हे मला बिलकूल पटलेलं नाही.

बोलोन्यात नाव लपवणं ही निवड असते. हे विद्यापीठाचं गाव. ज्याला हवं त्याला छापील नाव मिळू शकतं, म्हणून एखादा ते नाकारून ऐटीत फिरू शकतो. जतकडच्या त्या मुलीच्या घरात आजवर कुणाचं नाव छापून आलं ते फक्त मतदारयादीत आणि रेशनकार्डावर. तिची आई तो मुखपृष्ठाचा फोटो पाहुण्यांना दाखवणार आहे. गावातल्या शाळेत शाल-श्रीफळ मिळेल, चौकात फ्लेक्स लागेल, आणि लागू दे. त्या फ्लेक्समुळं कदाचित तिला आणखी दोन वर्षं स्थळं बघायला बोलावणार नाहीत. तिला म्हणायचं, बाई गं, नावाचा मोह सोड, इटलीत सोडतात? नाव न लावणं हे आधी ज्यांच्याकडं नाव आहे त्यांचं सुख आहे. मी पंधरवड्यातून एकदा फोनवर अक्कल शिकवणारा मामा असलो तरी एवढं मला इथून दिसतं.

म्हणून माझं म्हणणं: सहाच्या सहा नावं मुखपृष्ठावर, त्याच आकाराच्या अक्षरांत. शेवटचा हात कुणी फिरवला ते आत स्वच्छ लिहायचं. आणि छापायला देण्याआधी आपसांत कागद करायचा. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा याबाबतीत त्या स्पर्धेच्या अर्जापेक्षा पुढं आहे. ज्यात एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही अशा संयुक्त कृतीला त्यात रीतसर जागा आहे आणि तिचा हक्क शेवटचा लेखक वारल्यानंतर 60 वर्षं चालतो. (सहकारी निवडताना दीर्घायुषी घराण्यातला एखादा घ्यावा, हा त्यातला व्यवहार.) इटलीतला कायदा म्हणतो, लेखी करार नसेल तर सगळ्यांचे वाटे सारखे धरायचे. सारखे वाटे मान्य नसतील तर आत्ताच बोला. पहिला धनादेश आल्यावर ते बोलणं होत नाही, भांडण होतं.

सरांना फोन केला तर मी वेगळंच विचारणार आहे. बोलोन्याच्या मुख्य चौकालगत एका भिंतीवर पार्टिझनांचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझी-फॅसिस्टांशी लढताना मारल्या गेलेल्यांचे, दोन हजारांच्या आसपास फोटो आहेत, खाली नावं. येता-जाता माणसं थांबून एखादा चेहरा बघतात. वर सांगितलेली 115 जणांची कादंबरी त्याच काळावरची, 1943 ते 45 ची, आणि तिचा कच्चा माल म्हणजे घरोघरी आजीआजोबांनी सांगितलेल्या हकिकती. नेमकं त्याच वेळी, 1943 ते 46, आपल्याकडं काय चाललं होतं? क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. कुंडल त्याचं ठाणं. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, तुफान सेना, 7 जून 1943 ला शेणोलीजवळ अडवलेली पगाराची रेल्वे. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता, हा बराचसा भाग साताऱ्यातच. त्या गावांत भाकरी कुणी पोचवली, निरोप कुणी नेला, कडबा कुणी उपसून माणूस लपवला, याच्या गोष्टी आजही घरात आहेत. सांगणारे फार थोडे उरलेत. हे एका लेखकाच्या आवाक्यातलं काम नाही. पाचपन्नास घरांतल्या नातवंडांनी बसून करायचं आहे. मला सर तिथं निवडणारे म्हणून हवे होते.

पण ते त्याच भागातल्या भिलवडीचे. त्यांचे चुलते तुफान सेनेत होते आणि कुणी काय केलं यावरून शेजारच्या घराशी पडलेलं वाकडं अजून मिटलेलं नाही. त्या पट्ट्यातला वारसा आज झेंड्यांत, कारखान्यांत आणि तिकिटांत वाटला गेलाय. कुंडलच्या माणसानं वाळव्याच्या माणसाचं टिपण नापास केलं तर प्रकरण कादंबरीपुरतं राहणार नाही. तेव्हा लिहिणारे सगळे तिथले घ्यावेत आणि निवडणारा चंद्रपूरचा आणावा, कुणाशी सोयरीक नसलेला. जमल्यास राहायची सोयही कुणाच्या घरी न करता लॉजवर करावी.