पाय मोडायचाय? मग हिशोबात बसेल असा मोडा

हे बघा, आपल्याकडे रस्त्यावर पडायचं की नाही हे काही फारसं आपल्या हातात नसतं. खड्डा, रात्रीचा बिनलाइटचा ऊसाचा ट्रॅक्टर, पट्टे उडालेला स्पीडब्रेकर, नाहीतर राँग साइडने येणारा आपलाच शेजारी, कोण कधी भेटेल सांगता येत नाही. २०२२ मध्ये सरकारी नोंदीप्रमाणे देशात रस्ते अपघातांत ४,४३,३६६ माणसं जखमी झाली, आणि ही फक्त नोंद झालेली हां. पण पडल्यावर नीट हिशोबात बसायचं की नाही हे मात्र तुमच्या हातात आहे. आरोग्याचं अर्थशास्त्र करणारी माणसं बिचारी तुमच्या जखमेची किंमत काढायला रात्रंदिवस बसलीयेत, आणि तुम्ही पावती न घेता शहाळं घेऊन येता. असं नाही चालत.

मला हे ज्ञान आत्यामुळे झालं. आत्या तिच्या नातवाच्या मागे गाडीवर बसून बाजाराला चालली होती, स्पीडब्रेकरला उडाली आणि नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आता पहिली चूक इथेच झाली बघा. समोरून कोणी धडक दिली नाही, आपणच पडलो, मग पोलिसात कशाला जायचं म्हणून कोणी गेलंच नाही. म्हणजे त्या चार लाख त्रेचाळीस हजारांत आत्या नाहीच. तेव्हा सूचना क्रमांक एक, पडताना कोणाला तरी सोबत घेऊन पडा, शक्यतो ज्याचा नंबरप्लेट वाचता येईल असा.

दुसरं, वेळेचं भान ठेवा. सरकारी नमुना सर्वेक्षणात ॲडमिट झाल्याचा खर्च विचारतात तो मागच्या ३६५ दिवसांतला. तुम्ही ३७० दिवसांपूर्वी पडला असाल आणि अजून कुबडी घेऊन फिरत असाल तर तो तुमचा प्रश्न. आणि आता मे २०२५ पासून कॅशलेस योजना पण आहे, अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत. चांगली आहे, खोटं कशाला बोलू, आत्याच्या वेळी नव्हती. फक्त हाडाला तेवढं समजावून सांगा की बाबा सात दिवसांत जुळायचं. मांडीचं हाड जुळायला तीन-चार महिने घेतं ही त्याची जुनी सवय आहे, योजनेत बसत नाही.

दवाखान्यात गेल्यावर घाबरू नका, खर्च दोन प्रकारचा असतो. एक जो बिलावर येतो तो, याला खर्च म्हणतात. दुसरा जो येत नाही तो, याला नातेवाईक म्हणतात. आम्ही होतो तिथे (कुठे ते जाऊ द्या, सगळीकडे तेच आहे) दर अर्ध्या तासाने कोणीतरी दारात येऊन ओरडायचं, "पेशंटचे नातेवाईक कोण?" आणि आम्ही हात वर करून उठायचो. हातात चिठ्ठी, हे बाहेरून आणा. रक्ताची बाटली आणायला धावणारा नातेवाईक, स्ट्रेचर ढकलणारा नातेवाईक, एक्सरेची पिशवी छातीशी धरून तीन मजले चढणारा नातेवाईक, रात्री कॉटखाली चटई टाकून सलाइन संपतंय का बघणारा नातेवाईक. म्हणजे वॉर्डबॉय, नर्स, लॅबचा माणूस आणि वॉचमन, चार पोस्ट आमच्या घरातल्या दोन माणसांनी भरल्या होत्या, विनावेतन. डिस्चार्जच्या वेळी बिल बघितलं तर यातल्या कशाचाच आकडा नाही. आणि पेशंटला तीन दिवस आधी घरी सोडलं तर दवाखान्याच्या वहीत त्याला बचत म्हणतात. दवाखान्यातला बेडपॅन आमच्या घरी आला म्हणजे बचत झाली, कळलं का.

मग एक ज्युनिअर डॉक्टर आले, "प्लेट साधी टाकायची का टायटॅनियम?" हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो ना, त्याच सुरात थाळी साधी का स्पेशल विचारतात. आतेभावाने माझ्याकडे बघितलं, मी आत्याकडे बघितलं, आत्याने गळ्यातल्या बोरमाळेला हात लावला. इथे सल्ला काय द्यायचा मला पण कळत नाही. सोनं मोडलं तर खर्च वाढतो आणि नाही मोडलं तर सून आयुष्यभर ऐकवते की साधी टाकली.

अभ्यासकांचं मात्र यावर पक्कं गणित आहे. घरखर्चाच्या दहा टक्क्यांवर उपचाराचा खर्च गेला, किंवा दुसऱ्या मापाने खाणंपिणं वजा जाऊन जे उरतं त्याच्या चाळीस टक्क्यांवर गेला, की त्याला आपत्तीजनक खर्च म्हणायचं. आता ही आपत्ती टाळायचा अगदी खात्रीचा उपाय सांगतो, दवाखान्यात जाऊच नका. हाडवैद्याकडे जा, बांबूच्या कामट्या बांधा, वर लेप, घरी पडून रहा. पाय वाकडा जुळेल पण खर्च जवळजवळ शून्य, म्हणजे आकडेवारीत तुमच्या घरावर आपत्ती आलीच नाही. फार गरीब घरं या बाबतीत वर्षानुवर्षं चांगले आकडे देतायत, त्यांचा कोणी सत्कार करत नाही एवढंच.

आणि एक, स्वस्तातल्या औषधांपासून जपून. ट्रॅनेक्सामिक ॲसिड नावाचं एक साधं इंजेक्शन आहे, रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं, जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या नवऱ्याने साठच्या दशकात शोधलेलं. २०१० साली ४० देशांतल्या २०,२११ जखमींवर त्याची चाचणी झाली, माणसं वाचतात हे सिद्ध झालं. पुढच्या वर्षी हिशोब पण निघाला, आयुष्याचं एक वर्ष वाचवायला टांझानियात ४८ डॉलर, ब्रिटनमध्ये ६४, भारतात ६६. म्हणजे आपल्याकडे आयुष्याचं वर्ष एका बऱ्या स्मार्टवॉचच्या भावात मिळतंय. पण अट काय, तीन तासांच्या आत द्यायचं, उशीर झाला तर फायदा नाही, उलट नुकसानच व्हायची भीती. आता तीन तासांत आपण काय काय करतो बघा. पहिला तास गर्दी व्हिडिओ काढते. दुसऱ्या तासात पहिला दवाखाना सांगतो, आमच्याकडे होणार नाही, मोठ्या ठिकाणी न्या. तिसऱ्या तासात मोठं ठिकाण म्हणतं, आधी डिपॉझिट भरा. म्हणून म्हटलं, ६६ डॉलरच्या नादी लागू नका, व्हेंटिलेटरचं बिल किती भारदस्त दिसतं.

बरं, आता सगळ्यात महत्त्वाचं, तुमची किंमत. पडण्याआधी ही ठरवून घ्या. माणूस कामावर गेला नाही तर समाजाचं किती नुकसान झालं हे मोजायच्या दोन पद्धती आहेत. एकीत तुम्ही निवृत्त होईपर्यंत जे कमावलं असतं ते सगळं धरतात. दुसरी पद्धत जास्त व्यवहारी आहे, तुमच्या जागी दुसरा माणूस लागेपर्यंतच नुकसान धरायचं. म्हणजे तुम्ही डिलिव्हरी करत असाल तर तुमचं नुकसान दुसऱ्या दिवशी सकाळी संपलं, कारण तुमच्या ॲपवर दुसरा पोरगा तयार. शिवाय पुढच्या वर्षांचं दुखणं दर वर्षाला ३ टक्क्यांनी स्वस्त धरतात, तेव्हा दुखणं लांबवता आलं तर लांबवा, फायद्यात रहाल.

आणि बाई असाल तर? मग आधी नवऱ्याचा पगार बघा. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या तक्त्यात, १९९४ पासून, न कमावणाऱ्याचं उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरायचे आणि न कमावणाऱ्या बायकोचं नवऱ्याच्या कमाईच्या एक तृतीयांश. म्हणजे तीच भाकरी, तीच धुणीभांडी, पण इंजिनिअरच्या घरी केली तर महाग आणि रिक्षावाल्याच्या घरी केली तर स्वस्त. २००१ साली सुप्रीम कोर्टाने एका खटल्यात गृहिणीच्या कामाचे महिन्याला ३,००० तरी धरा म्हणून सांगितलं. २०१० साली त्याच कोर्टाला निकालात लिहावं लागलं की २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी, वेश्या आणि कैद्यांच्या रांगेत, बिनकामाच्या म्हणून बसवलंय. कामाचा हिशोब नसला की माणूस कुठल्या रांगेत जाऊन बसेल सांगता येत नाही, आत्या तर कैद्यांच्या शेजारी पण गप्पा मारत बसेल म्हणा.

तर आत्याच्या कॉटपाशी एक दिवस अशाच अभ्यासाची माहिती गोळा करणारी, टॅब घेतलेली एक पोरगी आली. गोड होती पोरगी, दमलेली होती, सकाळपासून चाळिसावी कॉट असेल. "मावशी, उत्पन्न किती?" आत्या म्हणाली, "मी घरीच असते." टॅबवर शून्य. दोन म्हशी, डेअरीला सकाळ-संध्याकाळ दूध, उन्हाळ्यात पापड-कुरडया, खुरपणीला दुसऱ्याच्या रानात, हे सगळं त्या शून्यात मावलं. मी बोलायला तोंड उघडलं तर पोरगी म्हणाली, "पेशंटनेच उत्तर द्यायचंय दादा."

मग पाच प्रश्न. जगभर हेच पाच विचारतात म्हणे, हिंडणं-फिरणं, स्वतःची काळजी, रोजची कामं, दुखणं, चिंता. त्यातून तब्येतीचा एक आकडा निघतो, एक म्हणजे ठणठणीत, शून्य म्हणजे मेल्यासारखं, आणि काही अवस्थांचा आकडा शून्याच्याही खाली जातो, मेल्यापेक्षा वाईट. हे वाचून मला वाटलं होतं की आत्याचं काय निघतंय देव जाणे. पण आत्या तयारीची निघाली. "रोजची कामं करायला त्रास होतो का?" "न्हाय बा." "काहीच नाही?" "अगं मी करतच न्हाय तर तरास कसला, सून करती सगळं." पोरीने काही त्रास नाही वर टिक केली. दुखतं का? "तू इचारलंस, बरं वाटलं." चिंता? "चिंता माझ्या पोराला हाय, पैशाची."

शेवटी एक उभी पट्टी दाखवली, थर्मामीटरसारखी, खाली शून्य वर शंभर, "आज तब्येत किती वाटते ते दाखवा." आत्याने चष्मा मागितला, पट्टी बघितली, पोरीच्या तोंडाकडे बघितलं. "सत्तर." मग थांबून, "एवढ्या लांबून आलीस, पंच्याहत्तर घाल."

माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, असं करू नका. कोणी तब्येत विचारली तर पाहुण्यासारखं उत्तर देऊ नका, नीट कण्हा.

सहा महिन्यांनी फॉलोअपचा फोन आला तेव्हा मी गावाकडेच होतो. आत्या गोठ्यात होती. उकिडवं बसता येत नाही म्हणून रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसली होती, मोडलेला पाय सरळ पुढे म्हशीच्या पोटाखाली, आणि उठायचं झालं की दावणीच्या खुंट्याला धरून एक-दोन-तीन म्हणत उठायची. बोरमाळ गळ्यात नव्हती. मी फोन तिच्या कानाला धरला, तिचे हात दुधाचे. हिंडण्या-फिरण्यात त्रास? "न्हाय बाई, चाललंय बरं." पट्टीचा आकडा विचारल्यावर तिने धार थांबवली. "मागं किती सांगितला हुता?"

पोरगी म्हणाली, ते सांगता येत नाही.

"मग र्‍हाऊ दे, मागचाच घाल," आत्या म्हणाली, आणि म्हशीला म्हणाली, "हं, सर पलीकडं."