मालाचं नाव कधी येतं ते बघा

कुणा नट-नटीचं वाजलं की खालची पहिली कमेंट ठरलेली: 'सगळं पेड आहे हो.' असेलही. पण ठरवून केलेला स्टंट वेगळा आणि आपसूक पेटलेल्या वादावर भाजून घेतलेली पोळी वेगळी. दुसरा प्रकार जास्त चालतो, कारण तो स्वस्त पडतो.

स्टंटची एक अडचण असते. मालाचं नाव दोन-तीन दिवसांत सांगावंच लागतं, नाहीतर लोक पुढच्या बातमीवर जातात आणि पैसे पाण्यात. जून २०२३ मध्ये काजोलच्या इन्स्टावरच्या सगळ्या पोस्ट गायब झाल्या, उरली फक्त आयुष्यातल्या कठीण 'ट्रायल'बद्दलची एक ओळ. लगोलग आला 'द ट्रायल' या कोर्टातल्या वेब सिरीजचा ट्रेलर. पोस्ट डिलीट नव्हत्या, अर्काइव्ह केलेल्या, म्हणजे नुसत्या लपवून ठेवलेल्या होत्या. अर्काइव्हमधून पोस्ट लाइक-कमेंटसकट जशीच्या तशी परत येते, म्हणून प्रमोशनवाल्यांना ते बटण फार प्रिय.

हेच गणित २ फेब्रुवारी २०२४ ला सपशेल फसलं. मॉडेल-अभिनेत्री पूनम पांडे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली, अशी तिच्याच अकाउंटवर पोस्ट. आदल्याच दिवशी अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींना याच कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा उल्लेख झालेला, म्हणजे टायमिंग अचूक. पण मृत्यूच्या बातमीला हॉस्पिटल लागतं, अंत्यसंस्काराची वेळ लागते, फोन उचलणारं घरचं माणूस लागतं. इथे यातलं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती व्हिडिओत हजर, म्हणे कर्करोगाच्या जागृतीसाठी केलं. मोहिमेमागच्या श्बँग या जाहिरात एजन्सीला माफी मागावी लागली, आमदार सत्यजीत तांबेंनी कारवाईची मागणी केली. लोकांना राग कर्करोगाच्या माहितीचा नव्हता, कुणाच्या तरी मरणावर हळहळायला लावल्याचा होता. माझ्या मते तो रास्तच होता.

उलट उदाहरण ॲस्ट्रॉनॉमर या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीचं. १६ जुलै २०२५ ला कोल्डप्ले या बँडच्या कार्यक्रमात कॅमेऱ्याने कंपनीच्या सीईओला एचआर प्रमुखासोबत मिठीत पकडलं. काही दिवसांत सीईओचा राजीनामा, आणि महिना संपायच्या आत हॉलिवूडच्या ग्विनेथ पॅल्ट्रोला घेऊन कंपनीची खुसखुशीत जाहिरात. ही कोल्डप्लेचा गायक ख्रिस मार्टिनची पूर्वाश्रमीची बायको! लगेच 'बघा, सगळं आधीच ठरलेलं' सुरू. अहो, टेबलामागे बसलेली एक बाई आणि अर्ध्या पानाची स्क्रिप्ट, शूटिंगला एक दिवस पुरतो. जाहिरात झटपट आली म्हणजे वाद रचलेला होता, असं होत नाही.

खरंच तपासायचं असेल तर मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाची कंपनी) ॲड लायब्ररीत, म्हणजे जाहिरातींच्या खुल्या यादीत, देश 'इंडिया' निवडून ब्रँडचं नाव टाका आणि जाहिरात सुरू झाल्याची तारीख बघा. वादाच्या आधीची निघाली तर संशयाला जागा. वेबसाइट नवी असेल तर डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कधी घेतलं ते हू-इज या नोंदणी-शोधात दिसतं. स्क्रीनशॉट मात्र तेव्हाच काढा. राजकीय सोडून बाकीच्या जाहिराती आपल्याकडे चालू असेपर्यंतच तिथे दिसतात, बंद झाल्या की पुरावाही गेला.

पैसे घेतले असतील तर तसं लेबल लावा, हा एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचा नियम २०२१ पासून आहे. पण लेबल लावलं तर स्टंट कसला!