‘साठीनंतर केस जाणारच’ म्हणणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

उतारवयात बायकांचे केस विरळ का होतात, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "साठी उलटली की केस जाणारच. आमच्या आजीनं खोबरेल आणि माक्याशिवाय काही लावलं नाही, तरी शेवटपर्यंत हा एवढा अंबाडा होता. तुम्ही उगाच बायकांना तपासण्यांच्या आणि औषधांच्या नादी लावता." आणि शेवटी जाता जाता एक वाक्य, की दोन महिन्यांपासून तुमच्याही न्हाणीघराची जाळी केसांनी तुंबते. त्या वाक्यामुळेच इतकं सविस्तर लिहितेय.

आधी अंबाड्याचं. माझ्या आजीचाही मोठा होता. विंचरून झालं की फणीतली गुंतवळ ती बोटाभोवती गुंडाळायची आणि कोनाड्यातल्या कापडी पिशवीत ठेवायची. त्याच केसांचं तिनं गंगावन करून घेतलं होतं. रात्री ते सोडून खुंटीला अडकवलं की पाठीवर करंगळीएवढी वेणी उरायची. दिवसभर डोक्यावर पदर, त्यामुळे भांग कुणाला दिसलाच नाही. तुमच्या आजींचे केस खरोखर दाट असतील, केसांचा बराचसा भाग अनुवंशिक असतो. पण त्या पिढीतल्या बायकांचे केस जातच नव्हते, हे मला पटत नाही.

खोबरेल मीही आठवड्यातून दोनदा लावते. ते केसाच्या आत मुरतं, धुताना केसातलं प्रथिन कमी जातं आणि केस कमी तुटतो. तुटणं वेगळं आणि मुळाशी केस बारीक होत जाणं वेगळं. दुसऱ्यावर तेलाचा इलाज चालत नाही.

वयाचं तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि ज्यांच्या घराण्यात ही प्रवृत्ती असते, मग ती आईकडून येवो की वडिलांकडून, त्यांच्या केसांची मुळं हळूहळू आक्रसतात. दर खेपेला उगवणारा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड. कपाळावरची कड जागेवर राहते, भांग मात्र रुंदावत जातो.

पण "वय झालं" हे उत्तर मिळालं की पुढे कुणी बघत नाही, आणि माझा राग त्याच्यावर आहे. माझी आई ७१ वर्षांची होती. उशीच्या अभ्र्यावर रोज केस. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी "या वयात एवढं चालायचंच" म्हणून परत पाठवलं, आणि आम्हीही ऐकलं. भर मे महिन्यात ती स्वेटर घालून बसायला लागली, पोट साफ होईना, आवाज घोगरा झाला, तेव्हा कुठे रक्त तपासलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, खूप वाढलेलं. म्हणजे जवळजवळ वर्षभर तिची थायरॉइड ग्रंथी मंदावलेली होती आणि आम्ही तिच्या डोक्याला तेल चोळत होतो. गोळी सुरू झाल्यावर पाच-सहा महिन्यांनी कानशिलांजवळ बारीक नवे केस दिसले. भांग पूर्वीसारखा भरला नाही, पण अभ्रा स्वच्छ राहू लागला.

म्हणून त्या लेखात तपासण्या लिहिल्या : हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच, बी-१२. आयुष्यभर उपास करणाऱ्या, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवणाऱ्या आपल्या बायकांत लोह कमी असणं काही नवलाचं नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबमध्ये आणि डॉक्टरांना आधी सांगा. त्या गोळ्यांमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात त्या ट्रोपोनिनचेसुद्धा. आणि मुळात कमतरता नसेल तर त्या गोळ्यांचा केसांना उपयोग होतो असा भरवसाही नाही.

मिनॉक्सिडिल या डोक्याला लावायच्या औषधाची मी जाहिरात करते, असंही तुम्हाला वाटलं. ते लावायला लागल्यावर पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळतात, फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, कुणाकुणाच्या चेहऱ्यावर लव येते, आणि बंद केलं की मिळालेलं हळूहळू जातं. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये. हे सगळं माहीत करून घेऊन एखादीला नकोसं वाटलं, तर तिनं खुशाल लावू नये.

एका गोष्टीत मात्र थांबू नका. कपाळावरची कडच मागे सरकत असेल, भुवया विरळ होत असतील, तिथली कातडी गुळगुळीत दिसत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. त्या आजारात मुळाच्या जागी व्रण होतो आणि गेलेला केस परत येत नाही. लवकर गाठलं तर पुढचे वाचवता येतात.

आता तुमच्याबद्दल. दोन महिन्यांपासून एकदम गळतायत, तर त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत काय झालं होतं ते आठवा. डेंग्यू, चिकनगुनिया, एखादं ऑपरेशन, घरातलं मोठं दुःख, भराभर उतरलेलं वजन, नवी सुरू झालेली गोळी? शरीराला असा धक्का बसला की केस तेव्हा नाही, इतक्या उशिरानं मूठमूठ जातात, आणि कारण सरलं की बहुतेकदा आपोआप परत येतात. तसं काही आठवत नसेल, तर या आठवड्यातच रक्त देऊन या. रिपोर्ट आला की डॉक्टरांना दाखवा, आणि ते काय म्हणाले ते मला इथेच लिहून कळवा. मी वाट बघते.