"ग्लेझर गेले का?" विचारणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यापासून आपल्या सोलापूरच्या फुटबॉल ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला, त्यातला एक तर आमच्या आण्णांनी पाठवला, ज्यांच्या हॉलमध्ये बसून आम्ही रात्री दीड दीड वाजता मॅच बघत मोठे झालो. म्हणून गप बसवत नाही. मेसेज थोडक्यात असा: क्लब मालकाचा आहे, पैसा त्याचा, तो काय पण करेल, २००५ ला अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबानं मँचेस्टर युनायटेड क्लब घेतला तेव्हापासून युनायटेडचे लोक बोंबलतायत, ग्लेझर गेले का, प्रोटेस्टनं टीमचं मन खचतं, खरा फॅन मागं उभा राहतो, आणि एवढाच दम असेल तर मॅच बघणं बंद करा, सोलापुरात बसून शहाणपण शिकवू नका. खाली हात जोडलेले इमोजी.

आधी पैशाचं बघू. "पैसा त्याचा" हे वाक्यच चुकीचं आहे. ग्लेझर कुटुंबानं युनायटेड घेतला तेव्हा किंमत झाली साधारण ७९ कोटी पौंड, त्यातला मोठा भाग कर्जाचा, आणि त्या कर्जाचं मोठं ओझं क्लबच्याच डोक्यावर आलं, जो क्लब त्याआधी कर्जमुक्त होता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत समजा कुणी चालू शेड विकत घेतलं, पैसे बँकेचे, बोजा त्याच शेडवर, आणि हप्ते फिटणार त्याच मागांवर निघणाऱ्या टॉवेलातनं, तर मागावर उभा असलेला माणूस विचारणारच की मालक, तुम्ही यात स्वतःचं काय घातलं? ओल्ड ट्रॅफर्डला, म्हणजे युनायटेडच्या स्टेडियममध्ये, तिकीट काढणारा माणूस तेच विचारतोय. आणि त्याच क्लबनं नोव्हेंबर २०२४ ला, सिझन अर्ध्यात असताना, मेंबर लोकांचं उरलेलं तिकीट सरसकट ६६ पौंड केलं, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना सुद्धा सवलत ठेवली नाही. यावर बोलायचं नाही? कोल्हापुरात जाऊन कुणाला सांगून बघा की तुमची टीम एका माणसाची आहे. तिथं टीम पेठेची असते, तालमीची असते. इंग्लंडमधले क्लब सुद्धा असेच उभे राहिलेत, युनायटेड तर १८७८ ला रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलेली न्यूटन हीथ नावाची टीम.

आता मेन मुद्दा, "काही झालं का".

ग्लेझर नाही गेले, हे मी लपवणार नाही. फेब्रुवारी २०२४ ला इंग्लंडचे उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी पाव हिश्शाच्या वर शेअर घेतले तरी मताचा ताबा त्याच कुटुंबाकडं राहिला. पण त्यावरून "प्रोटेस्टनं काहीच होत नाही" म्हणणं म्हणजे बाकीचं सगळं न बघता बोलणं आहे. १८ एप्रिल २०२१, रविवार, युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग जाहीर केली. मंगळवारी त्यातल्याच चेल्सी क्लबचे लोक त्यांच्या स्टॅमफर्ड ब्रिज स्टेडियमच्या बाहेर रस्त्यावर उतरले, टीमची बस अडली, त्यांचा जुना गोलकीपर पीटर चेक स्वतः गर्दीत येऊन वेळ द्या म्हणून विनवत होता, आणि त्याच रात्रीपर्यंत इंग्लंडचे सहाच्या सहा क्लब बाहेर पडलेले. सरकारचा, एफएचा (इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचा) दबाव होताच, मान्य, पण तो एवढा फास्ट का आला, कारण लोक रस्त्यावर होते. नंतर २ मे ला युनायटेडचे फॅन मैदानात घुसले, लिव्हरपूलची मॅच पुढं ढकलावी लागली. आणि पुढच्याच महिन्यात मालक कुटुंबातला जोएल ग्लेझर फॅन फोरमच्या, म्हणजे क्लब आणि फॅन यांच्या, मीटिंगला हजर राहिला, क्लब घेतल्यापासून १६ वर्षांत पहिल्यांदा! त्यानं फॅनना शेअर द्यायचं जे बोलून दाखवलं ते कागदावरच राहिलं, तेही सांगतो. पण सरकारनं त्याच वर्षी लावलेल्या फुटबॉलच्या चौकशीतनं पुढं इंग्लंडमध्ये कायदा झाला, जुलै २०२५ ला, आणि आता फुटबॉलवर स्वतंत्र नियामक आहे, क्लबचं नाव, चिन्ह, घरच्या जर्सीचा रंग मालकाच्या मनाला आलं म्हणून बदलता येत नाही. हे आपोआप झालं का?

जर्मनीचं तर मला लई आवडतं. तिथं नियमच असा की क्लबमध्ये बहुमत मेंबरांचं पाहिजे, तरी डिसेंबर २०२३ ला ३६ पैकी २४ क्लबांनी लीगमध्ये बाहेरचा गुंतवणूकदार आणायला होकार दिला, बरोब्बर दोन तृतीयांश, एक मत कमी पडलं असतं तर ठराव पडला असता. मग फॅननी काय केलं, मारामारी नाही, जाळपोळ नाही, मैदानात टेनिस बॉल टाकले, चॉकलेटची नाणी टाकली, रिमोटच्या गाड्या सोडल्या, मॅचच्या मॅच थांबल्या, टीव्हीवर सगळ्यांना दिसलं. आठवड्यामागून आठवडे हेच. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगनं तो व्यवहारच सोडून दिला. टेनिस बॉलनं, विचार करा.

आणि लांब कशाला जायचं, आपल्या देशात बघा. २०२० ला कोलकात्याच्या मोहन बागानच्या नावापुढं एटीके लागलं, शंभर वर्षांच्या वरचा क्लब आणि पुढं दुसऱ्याच फ्रँचायझीचं नाव. बागानच्या लोकांनी "रिमूव्ह एटीके" सोडलं नाही, बॅनर, पोस्ट, मोर्चे, टीम चांगली खेळत होती तरी सोडलं नाही. मार्च २०२३ ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकल्या जिंकल्या मालकानंच जाहीर केलं की एटीके निघणार.

या सगळ्यात मला एक गोष्ट दिसते, आणि ती त्या मेसेजवाल्याला दिसलेली नाही. जिथं मागणी एका वाक्यात सांगता येते आणि मालकाला उद्या सकाळी ती मान्य करता येते, तिथं प्रोटेस्ट लवकर जिंकतं. एटीके काढा. गुंतवणूकदार नको. सुपर लीग सोडा. "ग्लेझर चालते व्हा" ही मागणी खरी आहे, माझी पण तीच आहे, पण ती पूर्ण व्हायला कुणीतरी घेणारा लागतो, किंमत जुळावी लागते, ते आपल्या हातात नाही. म्हणून सगळ्यात अवघड मागणी उचलून तिच्यावरनं सगळ्या प्रोटेस्टची परीक्षा घेणं बरोबर नाही. आमच्या ग्रुपमध्ये पण मी हेच भांडतोय, मोठी घोषणा राहू दे, पण तिच्या जोडीला तिकिटाची मागणी लावा, कर्जाची लावा, जी मोजता येते.

"टीमचं मन खचतं." इथं मेसेजवाला लिव्हरपूलचं उदाहरण देतो, आणि उदाहरण खरं आहे. ६ फेब्रुवारी २०१६, सर्वात महाग तिकीट ७७ पौंडांचं होणार होतं म्हणून ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून निघून गेले, लिव्हरपूल २-० नं पुढं होतं, शेवट २-२. पण गोष्ट तिथं संपत नाही. चार दिवसांत क्लबनं माफी मागितली, ७७ चं तिकीट रद्द केलं, दोन सिझन ५९ च्या वर जाणार नाही म्हणून सांगितलं. आणि खचलेली टीम त्याच सिझनला दोन फायनल खेळली, लीग कप आणि युरोपा. दोन्ही हरले ते खरं, पण फायनलला तर पोचले ना. युनायटेडचं बघा, २०१० ला ग्लेझरांच्या निषेधात सगळं ओल्ड ट्रॅफर्ड हिरव्या-सोनेरी मफलरनं भरलेलं, न्यूटन हीथचे जुने रंग, युनायटेडचाच जुना खेळाडू बेकहॅमनं तिथं मिलानकडनं मॅच खेळून झाल्यावर तसला मफलर गळ्यात घातला, आणि पुढच्याच सिझनला युनायटेडनं १९ वी लीग जिंकली. टीमवर प्रेम आणि मालकावर राग एकाच माणसात राहू शकतात. घागर मोर्चा काढणाऱ्या बाईला आपण म्हणतो का की तुमचं सोलापूरवर प्रेम नाही, पाणी आवडत नसेल तर गाव सोडा?

हां, एक मान्य. जानेवारी २०२० ला काही लोक युनायटेडचा तेव्हाचा मोठा अधिकारी एड वूडवर्डच्या घरावर फ्लेअर घेऊन गेले, आणि २ मे च्या गडबडीत एका पोलिसाच्या तोंडाला बाटलीनं जखम झाली. ते चूकच. माणसाच्या घरापर्यंत जायचं नाही, यावर माझं दुसरं मत नाही.

"दम असेल तर पूर्ण बॉयकॉट करा." बॉयकॉटला मी नाही म्हणत नाही, इंग्लंडच्या ब्लॅकपूल क्लबच्या लोकांनी मालक ऑयस्टन कुटुंबाविरुद्ध केला, क्लबला एक पैसा द्यायचा नाही म्हणून वर्षानुवर्षं स्वतःच्या स्टेडियममध्ये पाऊल टाकलं नाही. कोर्टाच्या निकालानं मालकाचा ताबा गेला आणि ९ मार्च २०१९ ला १५ हजारांच्या वर लोक परत आले, मोठी माणसं रडत होती. पण त्या मधल्या वर्षांत किती जणांचे वडील, आजोबा गेले असतील ज्यांना परत ती सीट बघायला मिळाली नाही. ही किंमत दुसऱ्याला सांगायची नसते. शिवाय ब्लॅकपूलला सीट रिकामी राहायची आणि जगाला दिसायची, ओल्ड ट्रॅफर्डला तुम्ही सोडलेली सीट घ्यायला बाहेर लोक उभेच असतात. जागा बघून हत्यार ठरवायचं, आणि जो सीट सोडत नाही तो घाबरट असं नसतं.

राहिलं सोलापूर. २०१२ ला युनायटेडचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात विकायला काढले तेव्हा कंपनीनं स्वतःच्या कागदात लिहिलं होतं, जगभर आमचे ६५ कोटी ९० लाख फॉलोअर आहेत, त्यातले ३२ कोटी ५० लाख आशिया-पॅसिफिकमध्ये. म्हणजे शेअर विकायच्या वेळी आम्ही मोजले जातो, जर्सी विकायच्या वेळी मोजले जातो, टीव्हीच्या करारात मोजले जातो, मग बोलायच्या वेळीच आम्ही कोण असं कसं? आण्णा, हे मी तुम्हाला आदरानंच विचारतोय.

आमचं ठरलंय ते असं: यंदा क्लबची जर्सी कुणी घेणार नाही. एका मित्राच्या वडिलांचे माग आहेत, त्यांच्याकडनं हिरव्या-सोनेरी रंगाचे नॅपकिन काढून घेतोय, टेरीचे, आपले सोलापुरी. पहिला लॉट बावीस नगांचा, येत्या रविवारी मॅचच्या आधी आण्णांच्या हॉलमध्ये वाटू. आण्णांच्या नावाचा एक बाजूला काढून ठेवलाय.