बॅग तिची आहे, गावाची नाही!

पोरगी जर्मनीला शिकायला चालली की अख्ख्या सोलापूरला तिची बॅग आपलीच वाटते! काकूंची शेंगाचटणी, मावशीच्या कडक भाकरी, वर शेजारच्यांच्या भाच्यासाठी चादर. अहो, सोलापुरी चादर! एकटीच किलोच्या वर भरते. साध्या तिकिटावर बहुतेक वेळा एका बॅगेला २३ किलो मिळतात, मग तिचे स्वेटर, कुकर, पुस्तकं कुठं कोंबायची?

आणि तूप, पेढे कशाला आणता? बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत, सापडले तर विमानतळावरच काढून घेतात. तिथं मान खाली कुणी घालायची?

सगळ्यात जास्त संताप येतो तो चिकटपट्टी गुंडाळलेल्या पुड्यांचा. आत काय आहे विचारलं की लगेच तोंड वाकडं! बॅग तुम्हीच भरली का, असं विमानतळावर तिला विचारणार. काय सांगायचं तिनं?

या गडबडीत प्रवेशपत्र, विम्याचा कागद, ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवलेल्या खात्याची प्रत हातातल्या पिशवीत गेली का, हे एकानं तरी विचारलं? ज्याला भाच्याची एवढी काळजी आहे, त्यानं कुरिअर करावं.