वेल बघून खूश होऊ नका

घरच्या बागेत कलिंगड लावलं की सुरुवातीला माणूस जाम हवेत असतो, वेल रोज पसरतोय, पानं हिरवीगार, फोटोवर लाइक्स पडतायत. माझं मत विचाराल तर वेल असा माजलेला दिसला की समजायचं, गडबड आहे. नत्र (नायट्रोजन, युरियात असतं ते) जास्त झालं की वेल सगळी ताकद पानांत घालतो आणि फळांच्या नावाने बोंब. आमच्याकडे आळं करून, शेणखत आणि वर युरिया देऊन लाडाने वाढवलेल्या वेलाने नुसती पानं दिली, आणि कुंपणाजवळ कुणीतरी थुंकलेल्या बीमधून उगवलेल्या मरतुकड्या वेलाला चक्क कलिंगड लागलं, गोडही निघालं! (हायब्रिड फळाच्या बीमधून पुढे काय निघेल याची गॅरंटी नसते, त्यामुळे हे निव्वळ नशीब.)

दुसरं रडगाणं फुलांचं. फुलं गळतायत म्हणून लोक लगेच औषध मारायला धावतात. अहो, पहिली येतात ती बहुतेक नर फुलं, ती गळणारच. मादी फुलामागे इवलंसं कलिंगड आधीच असतं, ते पिवळं पडून गळलं तर बहुतेक वेळा मधमाशी फिरकलेली नसते, आणि तुम्ही सकाळी फवारणी केलीत तर ती येणार कशी? फूल उमलतं सकाळी आणि त्याच दिवशी मिटतं, त्यामुळे उठल्याउठल्या नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादी फुलात सगळीकडून नीट फिरवायचं. परागकण कमी पडले तर फळ एका बाजूने फुगतं, दुसरीकडे चेपलेलं राहतं.

फळाचं बूड (देठाच्या विरुद्ध टोक) काळं पडलं की रोग म्हणून घाबरू नका, पाणी कधी धो धो कधी ठणठणाट असलं की कॅल्शियम तिथवर पोचत नाही. आणि फळ तयार होत आलं की पाणी हळूहळू कमी करा, नाहीतर तडकतं. एवढं सांभाळलेलं फळ डोळ्यादेखत तडकलेलं बघणं म्हणजे... जाऊ दे.

तोडायची घाई तर मुळीच नको, तोडल्यावर ते अजून गोड होत नाही. देठाजवळची स्प्रिंगसारखी तार पूर्ण वाळली आणि जमिनीला टेकलेला भाग पांढऱ्याचा पिवळा झाला की मगच तोडा. टिचकी मारून ओळखणारे असतीलही, मला तर सगळी सारखीच वाजतात.