गळतीची तपासणी होईपर्यंत सेल्फ मारू नये : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

दीर्घकाळ उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांतील गळतीविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली परखड प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आपले म्हणणे थोडक्यात मांडतो. आपल्या वडिलांची १९७८ सालची अँबॅसिडर बारा वर्षे नाशिक रोडच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. सेल्फ मारण्याआधी गाडीखाली पुठ्ठे पसरून तपासणी करण्याचा माझा सल्ला आपल्याला पुस्तकी वाटतो, कारण आपल्या मिस्त्रींनी नवी बॅटरी जोडून आणि तेल बदलून एका दिवसात ती चालू केली. जुन्या गाड्या थोडेफार तेल टाकणारच. त्यावर जाड तेल, बाटलीतले गळती थांबवणारे औषध आणि रेडिएटरसाठी हळद एवढे पुरते, असे आपले मत आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलची मी विनाकारण भीती घातली, असाही आक्षेप आहे. शेवटी आपण सहज लिहिले आहे की आता इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली रोज डाग पडतो, मागचे डावे चाक आतून ओले दिसते, आणि मागचे सील गेले असल्याने गिअरबॉक्स उतरवावा लागेल असे मिस्त्री म्हणतात.

मी या शेवटच्या भागापासून सुरुवात करतो, आणि त्यातही चाकापासून, कारण तेथे प्रश्न खर्चाचा नसून जिवाचा आहे.

मागच्या चाकाच्या आतल्या बाजूस ओल दिसली तर ती बहुधा दोन गोष्टींपैकी एकीची असते : व्हील सिलिंडरमधून (चाकातले ब्रेक शू ढकलणाऱ्या लहान सिलिंडरमधून) आलेले ब्रेक ऑइल किंवा मागच्या ॲक्सलच्या हाऊजिंगमधून, म्हणजे कवचातून, सीलवाटे आलेले गिअर ऑइल. यांतला फरक घरच्या घरी कळतो. चाकाच्या आतली ओल चिंधीवर घ्यावी आणि ती चिंधी पाण्याच्या वाटीत बुडवावी. साधे ब्रेक ऑइल ग्लायकोलचे असल्याने पाण्यात पूर्ण मिसळून जाते. गिअर ऑइलचा तवंग वर तरंगतो, शिवाय त्याला गंधकाचा उग्र वास असतो, जो एकदा ओळखीचा झाला की विसरता येत नाही.

ओल ब्रेक ऑइलची निघाली, तर बारा वर्षांत आत काय घडले असेल ते सांगतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. नाशिकसारख्या ठिकाणी, जिथे चार महिने पावसाळी हवा असते आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी तापते, तिथे जुन्या तेलातले पाणी वर्षागणिक वाढत जाते. त्या पाण्याने व्हील सिलिंडरच्या आतल्या गुळगुळीत भिंतीवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. रबराचे वॉशर जिथे वर्षानुवर्षे टेकून राहिले तेवढी जागा बऱ्यापैकी शाबूत असते, म्हणून गाडी उभी असेपर्यंत एक थेंबही गळत नाही. ज्या दिवशी आपण ब्रेक दाबतो, त्या दिवशी वॉशर त्या खड्ड्यांवरून सरकते आणि त्याची कड फाटते. म्हणजे ही गळती गाडी चालू केल्यानंतर जन्माला येते. आपल्या गाडीच्या काळात ब्रेकचे सर्किट बहुधा एकच असे. एका चाकाचे तेल गेले की चारही चाकांचा ब्रेक जातो. शेडमधून फाटकापर्यंत जाताना हे घडले तर कठड्यावर निभावते, कसारा घाटात घडले तर निभावत नाही.

सिलिंडरच्या टोकाचे रबरी बूट, म्हणजे धूळ अडवणारी टोपी, नखाने मागे सारून आत पाहावे. आत थेंब असला तर सिलिंडर उघडणे भाग आहे. भिंतीवर बोटाला खड्डे लागत असतील तर नुसते रबर किट बदलणे व्यर्थ आहे. नवे वॉशरही महिनाभरात फाटेल. नवे सिलिंडर मिळाले तर उत्तम, नाहीतर अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्याकडून जुने बोअर करून त्यात पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून घेता येते. आणखी एक विनंती, जी मी प्रत्येकाला करतो : ब्रेकचे सुटे भाग पेट्रोल किंवा डिझेलने धुऊ देऊ नयेत. पुष्कळ गॅरेजमध्ये ही सवय आहे, आणि त्याने ब्रेकचे रबर फुगून निकामी होते. ते स्वच्छ ब्रेक ऑइलनेच पुसावे.

ओल गिअर ऑइलची असेल, तर सील मागवण्याआधी हाऊजिंगवरचा छोटा ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर जाण्याचे तोंड, पाहावा. तो मातीने बुजला असेल तर गरम झालेल्या तेलावरच्या हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ती तेलाला सीलबाहेर ढकलते. ब्रीदर मोकळा न करता बसवलेले नवे सीलही गळेल. मात्र दोन्हीपैकी काहीही असले, तरी तेल प्यालेले ब्रेक शू धुऊन वापरू नयेत. लायनर नवेच लावावेत.

आता गिअरबॉक्सकडे वळतो. आपल्या गाडीतील १४८९ सीसीचे इंजिन मूळचे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी मालिकेतील आहे. या इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला आजच्यासारखे रबरी ऑइल सील नसतेच. तिथे शाफ्टवर उलट्या आट्यांची खाच कोरलेली असते, आणि शाफ्ट फिरत असताना ती खाच तेल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, लोटत राहते. इंजिन बंद असताना ही योजना काहीच करत नाही. म्हणून अशी गाडी नाक वर करून उतारावर उभी केली, तर बेल हाऊजिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या कवचाच्या, तळाच्या छिद्रातून दोन-चार थेंब पडणे हे तिच्या रचनेतच आहे. जी वस्तू इंजिनात मुळात नाही, ती बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवायला निघण्यापूर्वी आपण मिस्त्रींना हे जरूर विचारावे. मी त्यांच्या कौशल्याविषयी शंका घेत नाही. बाहेरून नवे सील बसवण्याचे जोडसामान वापरणारे लोक आहेत, आणि कदाचित त्यांच्या मनात तेच असेल. पण तो शेवटचा उपाय आहे.

त्याआधी वर पाहायला हवे. कौलारू घरात पाणी खाटेवर ठिबकते म्हणून फुटके कौल खाटेच्या बरोबर वर असेल असे नाही. ते वाशावरून वाहत आलेले असते. इंजिनावरही तेल असेच वाहते. इंजिनाच्या माथ्यावरील टॅपेट कव्हरचे कॉर्कचे पॅकिंग बारा वर्षे कोरडे राहून आकसते. मॅनिफोल्डच्या (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या आणि धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांच्या) खाली, ब्लॉकच्या बाजूला दोन लहान कव्हरे असतात, त्यांचीही तीच गत होते, आणि तिथे हात व नजर दोन्ही सहज पोहोचत नसल्याने ती कोणी पाहत नाही. तिथून निघालेले तेल ब्लॉकच्या अंगावरून मागे उतरते, बेल हाऊजिंगच्या कडेला जमते आणि नेमके त्याच छिद्रापाशी टपकते. खाली झोपून पाहणाऱ्याला ते मागच्या सीलचेच वाटणार.

खात्री करण्याची रीत अशी. इंजिन थंड असताना मागची बाजू रॉकेलने आणि ब्रशने स्वच्छ धुऊन कोरडी करावी, आणि त्यावर टाल्कम पावडर फुंकरावी. नंतर इंजिन दहा मिनिटे चालवून बंद करावे आणि टॉर्च घेऊन पाहावे. पांढऱ्या पावडरीवर तेलाची काळी रेघ जिथून सुरू होते, सर्वांत वर आणि सर्वांत पुढे, तो उगम. मी या पद्धतीने पाहिलेल्या गाड्यांत गिअरबॉक्स उतरवण्याची वेळ क्वचितच आली. बहुतेकदा कॉर्कचे नवे पॅकिंग आणि दोन नट योग्य तेवढे, म्हणजे कव्हरचा पत्रा वाकणार नाही इतकेच, आवळणे पुरले.

या तपासणीतच इंजिनाचा ब्रीदर पाइप काढून पाहावा. पंचवटीतल्या एका परिचितांच्या गाडीत नवीन पॅकिंग घालूनही इंजिन चहूबाजूंनी तेल ओकत होते. ब्रीदरची नळी सोडवून उजेडात धरली, तर पलीकडचे काही दिसेना. आत कुंभारीण माशीने मातीची घरटी एकापुढे एक लिंपलेली होती, सुकून विटेसारखी टणक झालेली. इंजिन चालू असताना पिस्टनच्या कडेने खाली उतरणाऱ्या वायूला वाट उरली नव्हती, म्हणून तो दाब मिळेल त्या सांध्यातून तेल बाहेर काढत होता. तारेने माती उकरली आणि गळती बंद झाली. उभ्या गाडीतली प्रत्येक उघडी नळी माशीला घर वाटते आणि प्रत्येक होज उंदराला दातांना काम वाटते. पुठ्ठे पसरून शांतपणे पाहण्याचा माझा आग्रह या कारणासाठी आहे.

आपण म्हणता की काही गळत्या गाडी चालवल्यावर आपोआप थांबतात. हे खरे आहे, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. कोरडे पडलेले कॉर्क तेल पिऊन थोडे फुगते, रबरी सीलची कड पुन्हा मऊ होते, वॉटर पंपाचे सील काही तास घासून पुन्हा बसते. म्हणून इंजिन ऑइलचा बारीक पाझर असेल तर पहिले दोन-तीनशे किलोमीटर धीर धरून, तेलाची पातळी रोज पाहत वापरण्यास माझी हरकत नाही. ही सवलत पेट्रोलला नाही आणि ब्रेकला तर मुळीच नाही. शिवाय शाफ्टला चिकटून सुकलेली सीलची कड पहिल्याच झटक्यात फाटू शकते. त्यासाठी प्लग काढून, सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून, इंजिन आधी हाताने फिरवावे. या कामाला एक संध्याकाळ लागते.

जाड तेलाबाबत एवढेच सांगतो की २०डब्ल्यू-५० या जाडीचे तेल या इंजिनांना मानवते, पण गळती झाकण्यासाठी त्याहून जाड तेल भरले तर थंड इंजिनात ते बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते, आणि दीर्घकाळ कोरड्या राहिलेल्या बेअरिंगना नेमका तोच पहिला क्षण महत्त्वाचा असतो. बाटलीतली औषधे रबर फुगवतात. कॉर्क, कागदी पॅकिंग आणि शाफ्टवरची खाच यांवर ती निरुपयोगी ठरतात.

हळदीविषयी मला आदर आहे. घाटात रेडिएटर पाझरू लागला आणि जवळपास काहीच नसले, तर ट्रकवाल्यांची ती युक्ती गाडी घरापर्यंत आणते. पण साध्या पाण्यावर चाललेल्या आणि मग वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या रेडिएटरच्या नळ्या आधीच गंज आणि क्षाराने अर्ध्या बुजलेल्या असतात. हळद छिद्रात बसते तशी नळीतही बसते. रेडिएटर उतरवून कारागिराकडे द्यावा आणि कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरून तपासून घ्यावा. त्याच वेळी ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोप्या पाहाव्यात. त्या आतून कुजत येतात आणि बाहेर फक्त तांबूस डाग दाखवतात. त्यांतली एखादी चालत्या गाडीत सुटली, तर सगळे पाणी क्षणात जाते.

पेट्रोलबद्दल मी भीती घातली नाही, तारखा मांडल्या. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल देशात २०२३ च्या फेब्रुवारीत विक्रीला आले. बारा वर्षांपूर्वी उभ्या केलेल्या आपल्या गाडीच्या होजना, कॉर्कला आणि पेट्रोल पंपातल्या डायाफ्रामला, म्हणजे लवचिक पडद्याला, ते कधी शिवलेलेच नव्हते. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करते किंवा तडकवते, टाकीतला जुना चिकटा सोडवून कार्बोरेटरपर्यंत आणते, आणि तो चिकटा पेट्रोलची आवक रोखणाऱ्या फ्लोटच्या नीडलखाली अडकला की पेट्रोल ओसंडून वाहते. अँबॅसिडरमध्ये कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूस, वर-खाली आहेत. ओसंडलेले पेट्रोल कशावर पडेल हे वेगळे सांगायला नको. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सर्व रबरी होज इथेनॉलला टिकणारे, नवे घालावेत. बाकी सर्व दुरुस्तीच्या तुलनेत हा खर्च अगदी किरकोळ आहे.

काही गळत्या जमिनीवर दिसतच नाहीत. ज्या गाड्यांत पेट्रोल पंप इंजिनावर बसवलेला असतो, त्यांत डायाफ्राम फाटला तर पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरते आणि तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढते. आपल्या गाडीत पंप कोणता आहे ते आपण लिहिलेले नाही. तेव्हा पुढच्या वेळी सेल्फ मारण्याआधी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजण्याची पट्टी, काढून पातळी पाहावी आणि तेलाचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला, किंवा तेल ताकासारखे पांढुरके दिसले, तर इंजिन चालू न करता ते तेल डब्यात काढावे, गटारात न ओतता जुने तेल रीतसर घेणाऱ्याकडे द्यावे, आणि मला कळवावे. चाकाच्या चिंधीचे काय निघाले तेही त्यासोबत लिहावे. त्यावरून पुढचे काम कोणत्या क्रमाने करायचे ते सांगता येईल.